लाटणं, नेलपॉलिश आणि छोटा हाथी

सोमवार ते शुक्रवार एसीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, ही माझी नोकरी. हातात माउसपेक्षा जड काही नसतं. पण गेल्या पावसाळ्यात एक दिवसाची सुट्टी वीकएण्डला जोडली आणि तीन दिवस टेम्पोखाली लोळून त्याचा क्लच बदलला. आयुष्यात पहिल्यांदाच!

दिवेघाट. संध्याकाळचे सहा. भुरभुर पाऊस. आप्पा स्टिअरिंगवर, मी शेजारी आणि मागे हौद्यात पेंडीची दहा पोती. सकाळी सीताफळांचे क्रेट मार्केट यार्डात उतरवून आम्ही घरी निघालो होतो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, चढ वाढला आणि आप्पांनी अॅक्सिलेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडी मात्र ढिम्म! म्हणजे चालत होती, पण मागून आलेला एक सायकलवाला आरामात आमच्या पुढे गेला. जाताना त्याने वळून बघितलंसुद्धा. मग केबिनमध्ये वास आला. रबरी चप्पल जाळावर धरावी तसा.

"आप्पा, काहीतरी जळतंय."

"चढ हाय. असंच होतं," असं म्हणून आप्पांनी काच खाली केली.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आप्पा दाराला धरून, पायरी चाचपत सावकाश खाली उतरले. दमले असतील, असं मला वाटलं. मी खराडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. 'असंच होतं' म्हणून एखादी गोष्ट सोडून द्यायची नाही, याचाच मला पगार मिळतो. पण त्या रात्री माझं सगळं लक्ष गाडीकडे होतं. माणसाकडे नव्हतं.

गाडी म्हणजे टाटा एस. २००५ साली आली तेव्हापासून हे नाव गावात कुणी घेतलेलं मी ऐकलेलं नाही. सगळ्यांसाठी तो 'छोटा हाथी'. सीटखाली दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन आणि पाठीवर पाऊण टन. माझी इंजिनीअरिंगची चार वर्षांची फी याच हौद्यातून गेली आहे. गेली दोन वर्षं मी आप्पांच्या मागे लागले होते, विका आता, पुरे झालं. ते ऐकल्यासारखं करायचे आणि सकाळी चारला गाडी काढायचे.

पेडल, पाय आणि मधली भाकरी

क्लच म्हणजे नेमकं काय, हे मला इंजिनीअर असूनही धड माहीत नव्हतं. (हसू नका, मी कॉम्प्युटरवाली आहे.) सोप्या भाषेत सांगायचं तर दोन थाळ्यांमध्ये दाबून धरलेली भाकरी. एक थाळी इंजिनाबरोबर फिरते, ती फ्लायव्हील. दुसरी तिच्यावर दाब देते, ती प्रेशर प्लेट. मधली भाकरी म्हणजे क्लचप्लेट आणि तिच्यातून गिअरबॉक्सचा दांडा जातो. तुम्ही पेडल दाबलं की थाळ्या सैल होतात, भाकरी मोकळी होते, गिअर बदलता येतो. पेडल सोडलं की परत गच्च. भाकरी झिजून पातळ झाली की थाळ्या कितीही दाबोत, ती घसरतेच. इंजिन पळतं, चाकं पळत नाहीत आणि जो जोर चाकांना मिळायचा त्याची नुसती उष्णता होते. आमच्या केबिनमधला वास तो हाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिकामी करून टेस्ट केली. हॅण्डब्रेक ओढला, चाकांपुढे दगड लावले, समोर कुणी नाही ना ते बघितलं. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गचकन बंद पडायला हवं. आमचं मजेत चालू राहिलं. (ही टेस्ट एकदाच करायची हं. हौसेने चार वेळा केलीत तर उरलासुरला क्लचही जाईल.) केबल जास्त ताणलेली असली तरी क्लच घसरतो, म्हणून तीही सैल करून बघितली. तिथे सुटलं असतं तर दहा मिनिटांत मिटलं असतं. नाही सुटलं.

गॅरेजला फोन केला. उत्तर आलं, "आठ दिवसांनी आणा." आता सीझनमध्ये आठ दिवस म्हणजे काय, ते सीताफळवाल्याला विचारा. झाडावरून उतरवलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. त्याला टेम्पो आज हवा असतो. आज मिळाला नाही तर तो दुसऱ्याला फोन करतो आणि मग त्याच्याकडेच जात राहतो. आप्पा काही बोलले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले.

तेव्हा मी ते ऐतिहासिक वाक्य बोलले. "आपण घरीच करू ना!"

रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यात सगळं चाळीस मिनिटांत होतं. मला तीन दिवस लागले.

खुर्चीतले काका

माझ्या नशिबाने आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका राहतात. कंबर गेल्यामुळे ते गाडीखाली जाऊ शकत नाहीत, पण खुर्ची टाकून बसू शकतात आणि चहा तर केव्हाही पिऊ शकतात. त्यांची अट एकच. "मी सांगंन तवाच हात लावायचा." माझा चुलत भाऊ उचलाउचलीला. त्याची अट, रोज दुपारी अंडा भुर्जी. मंजूर!

सासवडला पार्ट आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, नुसती प्लेट न्या, स्वस्तात होईल. काकांनी फोनवरच हाणून पाडलं. "गिअरबॉक्स काय रोज उतरवणार हायस का? प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग. तिन्ही घे." खरंच आहे. मेहनत सगळी उतरवण्या-चढवण्यात असते. बिल झालं ते आमच्या ग्रुपच्या गेल्या गोवा ट्रिपमधल्या माझ्या वाट्यापेक्षा कमी. त्या ट्रिपचा आता एक टॅन शिल्लक आहे.

शुक्रवारी सकाळी कामाला लागलो आणि पहिला तास गाडीला हातही लावला नाही. अंगण पावसाने भिजलेलं, त्यात जॅक रुतला असता. म्हणून गाडी गोठ्यासमोरच्या कोब्यावर घेतली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. पुढून जॅकने उचलली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड दिले. हे स्टँड काकांनी कुठूनतरी मागून आणले होते. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. मी उत्साहात आत सरकायला लागले तर काका ओरडले. "थांब! आधी हलव तिला. दोघं मिळून ढकला." ढकलली. हलली नाही. "आत्ता हलली असती तर तू भाईर हुतीस. नंतर हलली तर आत असशील," काका म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. माझ्या ऑफिसात सेफ्टीचं अख्खं ट्रेनिंग झालं आहे. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. हे आयुष्यभर आठवेल.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण स्टार्टर सोडवायचा होता. गिअर ऑइल घमेल्यात सोडलं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडवताना काका म्हणाले, "खूण कर. जसा निघाला तसाच बसला पायजे, न्हाईतर गाडी थरथरती." खडू तेलकट लोखंडावर उमटेना. पर्समध्ये मरून नेलपॉलिश होतं. दोन्ही तोंडांवर एक-एक रेघ ओढली. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि मान डोलावली. पूर्ण तीन दिवसांत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी!

प्रत्येक वायर, प्रत्येक केबल काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला. बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, काढले त्याच क्रमाने. एवढं करूनही गिअरबॉक्सचा सगळ्यात वरचा बोल्ट दीड तास हलला नाही. तिथे हात जातो तर डोळा जात नाही आणि डोळा गेला तर हात नाही. पाना निसटून माझी बोटं दोनदा सोलली. वरून वाळलेला चिखल चेहऱ्यावर पडत होता. गॉगल लावला नसता तर सोमवारी ऑफिसऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले असते. शेवटी भावाने गोटी पान्याला पाइप जोडला आणि मी झटका दिला. 'कट्ट' असा आवाज आला. मला वाटलं तुटला. सुटला होता.

प्लेट बोलली

गिअरबॉक्स उतरवताना घाई केली तर पंचाईत होते. इंजिनाखाली लाकूड ठेवून एक जॅक लावला, गिअरबॉक्सखाली दुसरा. मग सरळ मागे ओढत आणला. तो मधेच लोंबकळला तर दांडा आणि प्लेट दोन्हींची वाट लागते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो गोणपाटावर टेकला. प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे-थोडे, समोरासमोरचे सैल केले. काळी धूळ होती, ती फुंकरायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या प्लेटांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घेतली. आणि क्लचप्लेट हातात आली.

पातळ, काचेसारखी चकचकीत, कडेला जळलेली. रिव्हेट जवळजवळ उघडे पडलेले. काकांनी ती उलटीपालटी करून बघितली. "कवा टाकली हुती ही?"

डॅशबोर्डच्या कप्प्यात बिल सापडलं. चौदा महिन्यांपूर्वी!

काकांनी मग रिलीज बेरिंग मागितलं. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलतं ते हे. त्यांनी ते बोटांवर फिरवलं. खर्रर्र. वाळू भरल्यासारखा आवाज. काका गोठ्याच्या दाराकडे बघायला लागले. तिथे आप्पा उभे होते.

"पाय ठिवून कोण चालवतंय रं?"

आप्पा गप्प. आई चहाचा ट्रे घेऊन आली होती, तीही थांबली.

पाय ठेवून चालवणं म्हणजे काय ते सांगते. गिअर टाकून झाला तरी डावा पाय क्लचच्या पेडलवरच ठेवायचा. दाबल्यासारखा वाटतही नाही, पण पायाचं नुसतं वजनही पुरतं. बेरिंग सतत फिरत राहतं, थाळ्या पूर्ण आवळल्या जात नाहीत आणि प्लेट दर किलोमीटरला थोडी-थोडी घसरते. हे तुम्हीही करता बरं का! मगरपट्ट्याच्या सिग्नलला, हिंजवडीच्या जॅममध्ये. पुढची गाडी हलेल म्हणून फर्स्ट गिअरमध्ये क्लच दाबून दोन मिनिटं थांबता. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी झुलवता. क्लचच्या डावीकडे पाय टेकायला जागा असते, ती कधी वापरली आहे? न्यूट्रल करा, पाय बाजूला घ्या. एवढंच.

पण आप्पा वीस वर्षं गाडी चालवतात. त्यांना हे मी सांगायचं?

"गुडघा," आप्पा म्हणाले. "पाय उचलून परत ठेवताना कळ येती. म्हणून ठेवूनच देतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

दिवाळी होऊन दहा महिने झाले होते. त्या दहा महिन्यांत मी जवळजवळ प्रत्येक वीकएण्डला घरी आले होते. जेवले होते, झोपले होते, सीताफळं घेऊन परत गेले होते. ते जमिनीवर बसायचे बंद झाले होते, खुर्चीतच जेवत होते. ते मी बघितलं होतं. त्यात काही विचारण्यासारखं आहे, असं वाटलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, गाडी विका."

म्हणालेच असते. ट्रेमधला चहा तोवर गार झाला होता. काकांनी तो तसाच घेतला, एका घोटात संपवला आणि म्हणाले, "उद्या फ्लायव्हील बघू."

लाटणं आलं कामाला

शनिवारी फ्लायव्हील बघितलं. दोन-तीन निळे डाग होते, तापल्याच्या खुणा. काकांनी सगळीकडून नख फिरवायला लावलं. नख कुठे अडलं नाही, चीर दिसली नाही. अडलं असतं तर ते काढून लेथवाल्याकडे न्यावं लागलं असतं. पॉलिश पेपरने घासलं, पुसून कोरडं केलं. नव्या प्रेशर प्लेटवर गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं, तेही पुसलं. नव्या प्लेटला तेलकट बोट लागायला नको, म्हणून दर वेळी साबणाने हात धुतले. दांड्याच्या खाचांना ग्रीसचं नुसतं बोट. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवरच जातं.

क्लचप्लेटला उलट-सुलट बाजू असते. मधला उंचवटा गिअरबॉक्सकडे यायला हवा. तेवढं मी बरोबर केलं. चूक पुढे झाली. काका दुपारचे लवंडले होते आणि मला वाटलं, आता मला जमतं. प्लेट दोन्ही थाळ्यांच्या बरोबर मध्यभागी हवी, कारण गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून जाऊन पलीकडच्या भोकात बसतो. मी ती अंदाजाने बसवली आणि प्रेशर प्लेट आवळून टाकली.

मग गिअरबॉक्स चढेना. दोन तास! वर-खाली, डावीकडे, उजवीकडे, शिव्या देऊन, देवाचं नाव घेऊन. बोटभर अंतर राहायचं आणि तिथेच अडायचं. शेवटी मी म्हटलं, लांब बोल्ट लावून आवळत नेऊ, येईल आपोआप. तेवढ्यात काका उठून आले आणि असे काही ओरडले की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. बोल्टने ओढला असता तर गिअरबॉक्सचं कान फुटलं असतं, नाहीतर नवी प्लेट वाकली असती.

गिअरबॉक्स परत खाली. प्रेशर प्लेट परत सैल. प्लेट मधोमध धरायला प्लास्टिकचं एक हत्यार मिळतं, पण शनिवारी संध्याकाळी ते कुठून आणणार? काका विचार करत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईचं लाटणं घेऊन आले. टोकांकडे निमुळतं होत जाणारं, जुनं, लाकडी. टोक पलीकडच्या भोकात बसेल आणि मधला भाग प्लेटच्या भोकात, अशा बेताने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. दोन-तीनदा कमी-जास्त केली. लाटणं आत घातलं, प्लेट त्यावर बसली, मधोमध! मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळत आणले आणि शेवटी मागून आणलेल्या टॉर्क रेंचने पक्के केले. लाटणं अलगद बाहेर आलं.

आईने त्याच्याकडे बघितलं. "आता उद्या चपात्या कशावर?" चपात्या लाटण्यावर नाही, पोळपाटावर लाटतात, असं मी म्हणणार होते. नाही म्हणाले. रविवारी भाकरी होती.

रविवारी सकाळी गिअरबॉक्स पाऊण तासात चढला. गिअरमध्ये ठेवून मागचं टोक किंचित फिरवलं, खाचा जुळल्या आणि तो स्वतःहून आत सरकला. तो आवाज मला रिंगटोन म्हणून हवा आहे. पुढचं सगळं उलट्या क्रमाने. नेलपॉलिशच्या रेघा समोरासमोर. नवं ऑइल भरलं. केबल जोडून पेडलला थोडी मोकळी चाल ठेवली. ती नसेल तर पाय न ठेवताही बेरिंग घासत राहतं. आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये एक बोल्ट उरला! अर्धा तास घाम फुटला. फोटो बघत बसलो, तेव्हा कळलं, स्टार्टरचा.

आप्पा तेवढा वेळ जवळच उभे होते. पाना मागितला की देत होते. गुडघ्याची अपॉइण्टमेण्ट गुरुवारची घेतली आहे, हे मी गाडीखालूनच सांगितलं. समोरासमोर बोलण्यापेक्षा ते सोपं गेलं. ते "बरं" म्हणाले. सीझन संपेपर्यंत गाडी भाऊ चालवेल आणि आप्पा शेजारी बसून भाडी बघतील, हेही तिथेच ठरलं. विकायचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही.

संध्याकाळी ट्रायलला निघालो. नव्या क्लचला पहिले काही दिवस जड माल नको, म्हणून हौदा रिकामा. आप्पा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, थांबले आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. घाट उतरून वडकीपर्यंत गेलो आणि वळवली. चढाला सेकंड टाकला, क्लच सोडला. गाडीने जमीन धरली. नुसता अॅक्सिलेटर दिला की पुढे, वास नाही, ओरडणं नाही. मी पाय पेडलवरून काढून डावीकडे टेकवला आणि आप्पांना ते दिसावं म्हणून मुद्दाम खाली बघितलं.

आप्पांचं लक्ष रस्त्याकडे होतं. पुढे वळणावर ट्रक आला, मी गिअर बदलायला हात घातला आणि शेजारच्या सीटसमोरच्या मॅटवर त्यांचा डावा पाय दाबला गेला. माझ्या आधी, अगदी वेळेवर.